टरफलांच्या पुढचं वाक्य

(१९९४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. संपादक मंडळाच्या आग्रहावरून बोलले तसंच लिहून दिलं आहे. दोन विनोद गाळले, ते त्या दिवशीही कुणाला कळले नव्हते.)



खरं तर "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो" अशीच सुरुवात करणार होते. पण समोर बघितलं आणि 'बालमित्र' म्हणायचा धीर होईना. निम्म्यांचे केस गेलेत, उरलेल्यांनी रंगवलेत. मी दुसऱ्या गटात.

संयोजकांनी मला विषय दिला 'संवाद आणि वक्तृत्व'. मी फोनवर तीनदा विचारलं, की तुम्हाला नक्की मीच हवी आहे ना? कारण आपल्या वर्गात बोलणाऱ्या मुली वेगळ्या होत्या, त्या आजही पहिल्या रांगेत बसल्या आहेत आणि आत्ताही बोलतच आहेत. मी तिसऱ्या बाकावरची, भिंतीकडेची. हजेरीला 'हजर' म्हणायचे तेही दोनदा म्हणावं लागायचं, पहिल्यांदा सरांना ऐकूच जायचं नाही.

तर एक ऑगस्टची गोष्ट सांगते. १९८९ साल, आपण सहावीत. टिळक पुण्यतिथी. तीन वर्गांमधली लाकडी पार्टिशनं काढून मोठा हॉल केला होता, खाली सतरंज्या. मराठीच्या बाईंनी मला दीड पानाचं भाषण लिहून दिलं होतं. आठ दिवस मी ते आईला म्हणून दाखवत होते, ती पोळ्या लाटत असायची. शेवटी शेवटी तिलाच पाठ झालं होतं. मी उभी राहिले. २३ जुलै १८५६, रत्नागिरी, सगळं धडाधड आलं. मग वर्गातली शेंगांची गोष्ट आली. टरफलं आली. आणि टरफलांच्या पुढचं वाक्य गेलं.

गेलं म्हणजे गेलंच. मी 'टरफले' हा शब्द तीनदा म्हटला, की त्याच्या धक्क्यानं पुढचं येईल. समोरून कोणीतरी फिसकन हसलं, मग ती सगळी रांग हसली, आणि मी 'जय हिंद, जय महाराष्ट्र'सुद्धा न म्हणता खाली उतरले. त्यानंतर दहावीपर्यंत मी त्या स्टेजवर चढले नाही. बक्षीस घ्यायलाही नाही. गणितातलं एक बक्षीस होतं, ते मी ऑफिसातून नेलं.

मला पक्की खात्री होती की ही गोष्ट शाळेतल्या प्रत्येकाला आठवते. रस्त्यात कोणी भेटलं की आधी मनात यायचं, याला टरफलं आठवत असणार. मागच्या वर्षी आपला ग्रुप झाला तेव्हा एकदा धीर करून विचारलं, "माझं टिळकांचं भाषण कुणाला आठवतं का?" एकेचाळीस जण आहेत ग्रुपवर. एकीनं लिहिलं, "विसरली होती ती मी ना गं?" दुसऱ्यानं लिहिलं, "तू नाही, मी. पण माझं शिवजयंतीला." तिसरीला त्या दिवशी वाटलेले शेंगदाण्याचे लाडू आठवत होते. एकानं नुसता अंगठा दाखवला. का, ते त्यालाच माहीत.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता, २००० साली तो प्रसिद्ध झाला. एका विद्यार्थ्याला, घालायला लाज वाटेल असा एका गायकाच्या चेहऱ्याचा टीशर्ट घालायला लावायचा आणि बाकीचे बसले आहेत त्या खोलीत पाठवायचं. मग त्याला विचारायचं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? विद्यार्थ्यांचा अंदाज असायचा, जवळजवळ निम्म्यांच्या. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांना टीशर्टवर कोण होतं ते सांगता आलं. आपल्यावर जेवढा झोत आहे असं आपल्याला वाटतं, तेवढा तो नसतो. हे मी पुस्तकात वाचलं तेव्हा म्हटलं, ठीक आहे. आपल्या ग्रुपवर वाचलं तेव्हा मात्र अर्धा तास खुर्चीत बसून राहिले. चौतीस वर्षं मी ज्या कोर्टापुढे उभी होते, त्यातले न्यायाधीश लाडू खात होते.

पण मधल्या वर्षांत त्या समजुतीनं आपलं काम करून घेतलं होतं. तुमच्यातल्या कितीतरी जणांचं हेच झालं असेल. आपण दहावीपर्यंत घर्षण शिकलो, संवेग शिकलो, त्वरण शिकलो. अकरावीला गेलो तेव्हा वर्गात फ्रिक्शन, मोमेंटम आणि ॲक्सिलरेशन बसलेले होते. ओळखीचीच माणसं, पण सुटाबुटात. इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षेत मला उत्तर मराठीत सुचायचं, ते इंग्रजीत नेईपर्यंत परीक्षक पुढच्या रोल नंबरवर गेलेले असायचे. लेखी परीक्षेत मी वरच्या पाचांत, तोंडीत काठावर. आणि मी त्यातून जो निष्कर्ष काढला तो 'मला इंग्रजी कमी येतं' असा नव्हता. तो होता, 'मला बोलता येत नाही, मी कमी आहे.' पहिलं वाक्य सहा महिन्यांत दुरुस्त झालं असतं. दुसऱ्याला वीस वर्षं लागली.

नोकरीत हे झाकून जातं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं बोललंच पाहिजे असं नाही, असा आमच्याकडे एक सोयीचा गैरसमज आहे. मी काम करायचे, दुसरं कोणीतरी ते मांडायचं. माझी तक्रार नव्हती. उलट बरं वाटायचं.

आता जे सांगणार आहे ते मी घरच्यांशिवाय फारसं कुणाला सांगितलेलं नाही. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती.

पैशाच्या व्यवहारांचं सॉफ्टवेअर होतं. थोडं तांत्रिक आहे, पण पोस्टाच्या भाषेत सांगते. रजिस्टर ए. डी. पत्राची पोचपावती यायची ना, तसं दोन संगणक बोलतात तेव्हा प्रत्येक निरोपाची पोच परत येते. पोच आली नाही तर पाठवणारा समजतो की निरोप पोचला नाही, आणि पुन्हा पाठवतो. आता समजा निरोप आहे, 'या खात्यातून पाच हजार वजा करा.' निरोप पोचला, पैसे वजा झाले, पण पोच वाटेत हरवली. मग तोच निरोप पुन्हा जाणार. म्हणून घेणाऱ्यानं प्रत्येक निरोपाचा नंबर लक्षात ठेवायचा आणि तोच नंबर पुन्हा आला तर नुसती पोच द्यायची, पैसे पुन्हा कापायचे नाहीत. आमच्या प्रोग्रॅममध्ये एका ठिकाणी हे राहून गेलं होतं. आणि ते माझ्या लक्षात आलं होतं.

मी काय केलं? ईमेल लिहिली. लांबलचक. त्यात सातव्या परिच्छेदात हा मुद्दा होता, तोही 'असं होण्याची शक्यता नाकारता येत नाही' अशा थाटात. शुक्रवारी संध्याकाळी शेवटची मीटिंग झाली, फोनवर पंधरा-वीस जण. प्रमुखांनी विचारलं, कुणाला काही शंका? चार-पाच सेकंद शांतता होती. त्या शांततेत माझी छाती धडधडत होती, तोंड उघडलं होतं, आणि डोळ्यांपुढे सतरंजीवरची ती रांग होती. "ओके, गुड," ते म्हणाले, आणि मीटिंग संपली.

सोमवारपर्यंत दोनशेच्या वर लोकांचे पैसे दोनदा कापले गेले होते. तीन दिवसांत सगळ्यांचे परत गेले, तसं मोठं नुकसान कुणाचं झालं नाही असं अहवालात लिहिलं गेलं. पण नंतरच्या आढावा बैठकीत मदत केंद्राला आलेल्या काही फोनची रेकॉर्डिंग वाजवली. त्यात एक मराठी माणूस होता. आवाज चढलेला नव्हता. म्हणत होता, "ताई, मुलीच्या फीची आज शेवटची तारीख आहे हो. दुसऱ्यांदा कशाला कापले?" त्या खोलीत मराठी कळणारी मी एकटीच होते. बाकीच्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, तो काय म्हणतोय? मला भाषांतर करून सांगावं लागलं. त्या दिवशी मात्र मी बोलले.

त्या मुलीची फी वेळेत भरली गेली की नाही, ते मला कळलेलं नाही.

आता जरा हवा बदलू. मी टेबलावर बोटांनी एक गाणं वाजवते, तुम्ही ओळखा.

(इथे मी वीसेक सेकंद ठोके दिले. सभागृहातून आलेली उत्तरं: लेझीम, शाळेचा बँड, 'पाऊस का?', आणि गणिताच्या सरांचं, 'नुसतं ठोकतेय ती'.)

ती गणपतीतली आरती होती! तुम्ही सगळ्यांनी शेकडो वेळा म्हटलेली. आणि खरं सांगू, वाजवताना मला मनातून तुमचा राग येत होता, की एवढं सोपं कसं ओळखता येत नाही यांना? कारण माझ्या डोक्यात टाळ, झांजा, शब्द, सगळं वाजत होतं. तुमच्यापर्यंत फक्त ठक-ठक पोचलं. एलिझाबेथ न्यूटन नावाच्या विद्यार्थिनीनं स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९० साली आपल्या प्रबंधासाठी नेमका हाच प्रयोग केला. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की ऐकणारे निम्मी गाणी ओळखतील. एकशेवीस वेळा गाणी वाजवली, ओळखली गेली तीन.

माझ्या ईमेलचं हेच झालं होतं. लिहिताना माझ्या डोक्यात धोक्याची घंटा वाजत होती. वाचणाऱ्याला सातव्या परिच्छेदातलं ठक-ठक. नवरा-बायकोच्या भांडणात 'मी सांगितलं होतं' आणि 'तू कधीच सांगितलं नाहीस' ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असतात, तीही यामुळेच.

क्लॉड शॅननचं नाव आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असतं. १९४८ साली त्यानं संदेशवहनाचं गणित मांडलं, तुमच्या हातातला मोबाइल त्यावर चालतो. त्यानं सुरुवातीलाच सांगून टाकलं, की संदेशाच्या अर्थाशी अभियांत्रिकीच्या प्रश्नाला कर्तव्य नाही. एका टोकाला निघालेला संदेश दुसऱ्या टोकाला जसाच्या तसा उभा करायचा, एवढंच काम. त्याचं बरोबर होतं, तो तारांबद्दल बोलत होता. आम्ही इंजिनिअर मंडळी ते माणसांना लावतो. 'ईमेल पाठवली' म्हणजे झालं.

आणि पोच म्हणाल, तर माणसं खोटी पोच देण्यात पटाईत असतात. आठवा, सर फळ्यावर प्रमेय संपवून विचारायचे, "समजलं का?" आणि आपण साठ जण एका सुरात, "होsss सर!" कुणाला समजलं होतं? सरांनाही ठाऊक असायचं. ते मग खडू पुढे करायचे आणि भिंतीकडच्या एखाद्याला म्हणायचे, "तू ये, तू समजाव." मी तेव्हा त्यांना फार शिव्या घातल्या आहेत मनात. सर, आज जाहीर माफी मागते. आता माझ्या टीममध्ये मी तेच करते, आणि टीममधली पोरं मला मनात शिव्या घालतात.

बोलायला मी शिकले ती पस्तिशीत. पुण्यात टोस्टमास्टर्सचा एक क्लब आहे असं मैत्रिणीनं सांगितलं. ही संस्था १९२४ साली कॅलिफोर्नियात राल्फ स्मेडली यांनी सुरू केली, आज जगभर तिचे क्लब आहेत. तिथे गुरू वगैरे कोणी नसतं. सगळे शिकाऊ, एकमेकांची भाषणं ऐकायची आणि काय बरं वाटलं, काय नाही ते सांगायचं. वेळ दाखवायला हिरवा, पिवळा आणि लाल अशा खुणा असतात. आणि एक माणूस फक्त तुमचे 'अं', 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' मोजायला बसवलेला असतो. माझं पहिलं भाषण सहा मिनिटांचं. त्यानं उठून सांगितलं, एकतीस. मला घरी जाऊन रडू आलं, मग हसू आलं, कारण सहा मिनिटांतले एकतीस 'अं' काढले तरी बरंच भाषण उरत होतं! सहावीत त्याच्या निम्मंही झालं नव्हतं.

तिथे मला टरफलांचं कोडं सुटलं. आमच्याकडे प्रोग्रॅममध्ये यादी ठेवायची एक पद्धत असते, त्यात प्रत्येक डब्याला फक्त पुढच्या डब्याचा पत्ता ठाऊक असतो. एक पत्ता पुसला गेला की मागची सगळी गाडी हरवते. शब्दन् शब्द पाठ केलेलं भाषण तसंच असतं. म्हणून तर कुणी मधलाच पाढा विचारला की आपण एकापासून सुरू करतो. मी वाक्यं पाठ केली होती, टिळक नव्हते पाठ केले. आता मी पाच-सहा मुद्दे फक्त ठरवते, नदी ओलांडताना दगड असतात तसे. मधल्या पाण्यात पाय भिजला तरी पुढचा दगड दिसत असतो. पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य मात्र अजूनही पाठ करते. भीती सगळ्यात जास्त तिथेच असते.

दुसरी गोष्ट. माझे गुडघे थरथरत होते, घसा कोरडा, आणि भाषणानंतर एक काका येऊन म्हणाले, "तुम्ही किती शांत वाटलात!" मला वाटलं, बरं वाटावं म्हणून बोलतायत. पण यावरही काम झालेलं आहे. त्याच गिलोविच यांनी आणि केनेथ सॅविट्स्की यांनी २००३ साली दाखवलं, की आपली धडधड बाहेर दिसते असं बोलणाऱ्याला वाटतं तितकी ती दिसत नाही. गंमत पुढेच आहे. काही जणांना भाषणाआधी ही गोष्ट नुसती सांगून ठेवली, तर त्यांची भाषणं अधिक चांगली झाली. म्हणून आज इथे जे घाबरत बसले आहेत त्यांना सांगून ठेवते, आम्हाला काही दिसत नाही.

स्वतःचा आवाज रेकॉर्डिंगवर नकोसा का वाटतो, हेही तिथेच कळलं. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो, तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडं खालचे, भरदार स्वर जास्त पोचवतात. रेकॉर्डिंगमध्ये ते जातात, म्हणून तो पातळ, परका वाटतो. पण तो परका आवाजच बाकी सगळ्यांच्या ओळखीचा असतो. आपला आवाज ज्याला ठाऊक नाही असा माणूस आपणच.

आणि एक चीड बोलून दाखवते, कारण तुमच्यातले बरेच जण कंपन्यांमध्ये, बँकांमध्ये आहेत आणि तुम्हीही हे प्रशिक्षण घेतलं असेल: 'संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, ३८ टक्के आवाज आणि ५५ टक्के चेहरा'. आल्बर्ट मेहराबियन यांचं नाव घेऊन सांगतात. त्यांचे १९६७ चे प्रयोग होते ते एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून, चेहऱ्याचे फोटो दाखवून, की बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नावडतो एवढंच ताडायचं. शब्द एक सांगतोय आणि चेहरा दुसरं, तर आपण चेहऱ्यावर विश्वास ठेवतो, इतकीच गोष्ट. त्याचं यांनी सगळ्या भाषणांना लागू करून टाकलं. ते खरं असतं तर मला तमिळ भाषण ९३ टक्के कळायला हवं होतं. आपल्या मराठीच्या बाई खुर्चीवरून न उठता, हात न हलवता कविता शिकवायच्या आणि मागच्या बाकावरची मुलं गप्प व्हायची. ते शब्दच होते.

बाईंचा विषय निघालाच आहे, तर इथे येण्याआधीचे दोन फोन सांगते.

ग्रुपवर मी तो प्रश्न विचारल्यावर रात्री एका वर्गमित्राचा फोन आला. तो आज इथे आहे. त्याची परवानगी आहे, पण नाव घेऊ नको म्हणाला. तो म्हणाला, "आठवतं मला. पहिल्यांदा हसलो तो मी." म्हणजे एकेचाळीस जणांत लक्षात राहिलं ते दोघांच्या, मी आणि तो. त्यानंतर माझ्या नंतरचं भाषण त्याचं होतं म्हणे. भीतीनं त्याच्या पोटात गोळा आला होता आणि माझं बिनसल्यावर तो हसून सुटला. मला ते कधी सुचलंच नव्हतं. मी इतकी वर्षं त्या हसण्याचा अर्थ लावत होते, आणि तेही ठक-ठकच होतं.

दुसरा फोन मी बाईंना केला. जोहारी विंडो नावाची एक चौकट मानसशास्त्रात आहे. मला आधी वाटायचं कुणी जव्हेरी आडनावाच्या गृहस्थांची असेल, पण ती जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या दोघांची, १९५५ सालची. जो आणि हॅरी मिळून जोहारी. तिच्या चार कप्प्यांतला एक कप्पा असा, की जे माझ्याबद्दल दुसऱ्यांना दिसतं आणि मला दिसत नाही. तो कप्पा आपला आपण उघडता येत नाही, विचारावं लागतं. म्हणून बाईंना विचारलं, तुम्हाला मी कशी आठवते?

बाईंना भाषण आठवत नव्हतं. मी सांगितलं तरी आठवलं नाही. त्या म्हणाल्या, "तू होय, कार्यक्रम झाला की सतरंज्या झटकून घडी घालायला थांबायचीस. आणि घडी घालता घालता माझ्याशी अखंड बोलायचीस. मला म्हणजे कधी कधी वाटायचं, ही पोरगी आता गप्प बसेल तर बरं."

बाई, तुम्ही हे फोनवर म्हणालात तेव्हा मी हो-हो म्हटलं, पण ती खोटी पोच होती. मला नीट समजायला दोन दिवस लागले.

आता मला दिसतंय, आचारी दारातून दोनदा डोकावून गेले आहेत. मी मघाशी त्यांना विचारून आले आहे, मसालेभात अजून वीस मिनिटं झाकून राहील. मागे भिंतीकडे चौघं-पाच जण बसले आहेत, सकाळपासून ते नाव, गाव आणि नोकरी याखेरीज काही बोललेले नाहीत. माईकची वायर तिथपर्यंत पोचते, मी सकाळीच बघून ठेवलं आहे. कुणी भाषण करायचं नाही. फक्त या हॉलमधलं काय आठवतं ते सांगायचं. विसरलात तर मीही उभीच आहे.